पूर्ववृत्त कोणी मागितले?

कथा, कादंबरी किंवा नाटक जेथून सुरू होते त्याच्या आधी पात्राच्या आयुष्यात जे घडून गेलेले असते, म्हणजे त्याचा जन्म, घराणे, जात, बालपणी बसलेले घाव, मोडलेले लग्न, दडवलेला गुन्हा, त्या सर्वांना मिळून या लेखात पूर्ववृत्त म्हटले आहे. हे पूर्ववृत्त वाचकापुढे किती उघडावे आणि किती झाकून ठेवावे, या प्रश्नावर लेखकांत आणि समीक्षकांत दोन तट पडलेले दिसतात. पात्र कळायचे तर ते असे का झाले हे कळलेच पाहिजे, असे एक तट म्हणतो. जेवढे कमी सांगावे तेवढे पात्र खोल वाटते, असे दुसरा म्हणतो. दोन्ही तट एकमेकांचे वैरी समजले जात असले तरी त्यांची बैठक एकच आहे. पूर्ववृत्त हा माहितीचा साठा असून त्यातला किती भाग सोडायचा एवढेच लेखकाने ठरवायचे असते, हे दोघांनीही न तपासता गृहीत धरलेले असते. प्रस्तुत लेखाचा आक्षेप या गृहीतकावरच आहे. चांगल्या कृतीत पूर्ववृत्त नुसते कळत नाही. ते कोणीतरी कोणाला तरी, विशिष्ट वेळी, काही मिळवण्यासाठी किंवा काही वाचवण्यासाठी सांगत असते, आणि त्या सांगण्याचे परिणाम पुढे कोणाला तरी भोगावे लागतात. किती सांगावे याचे उत्तर या व्यवहारातूनच निघते. त्याबाहेर राहून मापे ठरवणे व्यर्थ होय.

उघडून सांगण्याच्या पक्षाची बाजू आधी नीट मांडली पाहिजे, कारण ती दिसते तितकी भाबडी नाही. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर याने १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत असे प्रतिपादन केले की, प्रत्यक्ष जीवनात माणसे एकमेकांना पुरती कधीच कळत नाहीत, कादंबरीतली माणसे मात्र कादंबरीकाराची इच्छा असेल तर पुरती कळू शकतात, आणि या कळण्यातच कादंबरीचे एक मोठे समाधान आहे. नाट्यलेखनाचे शिक्षक लायोश एग्री यांनी १९४६ सालच्या आपल्या ग्रंथात याला तंत्राची जोड दिली. पात्राला शरीर, समाज आणि मन अशा तीन मिती असतात, त्या तिन्ही मितींचा तपशील लेखकाने आधी ठरवला पाहिजे, त्यात वय-उंचीपासून वर्ग, शिक्षण, कौटुंबिक स्थिती आणि मनातले सल यांपर्यंत सर्व काही आले पाहिजे, असे त्यांचे सांगणे होते. आजही लेखनाच्या वर्गांत पात्राची जी प्रश्नावली भरून घेतली जाते तिचे कूळ येथे सापडते. या पक्षाचे तत्त्व थोडक्यात असे की, कृतीमागे कारण असते, कारण भूतकाळात असते, म्हणून भूतकाळ न सांगणे म्हणजे कारण दडवणे होय.

यातील पहिली चूक अशी की लेखकाला काय ठाऊक असावे आणि वाचकाला काय सांगावे, या दोन वेगळ्या गोष्टींची येथे सरमिसळ होते. एग्रींची प्रश्नावली लेखकाच्या टेबलावर उपयोगी असेलही. पण जे टेबलावर उपयोगी पडले ते पानावर आलेच पाहिजे, असा नियम त्यातून निघत नाही. दुसरी चूक अधिक खोल आहे. कारण सांगितले की कृती समजते, ही समजूत भौतिक घटनांपुरती खरी असेल. माणसाच्या बाबतीत कारण पुरते सांगितले की त्याची कृती ही त्याची राहत नाही, ती त्या कारणाची होते. अमुक आघातामुळे तमुक माणूस क्रूर झाला, असे सिद्ध करून टाकले की क्रूरपणाचा जबाबदार तो आघात ठरतो आणि पात्र केवळ त्या आघाताचा निरोप्या म्हणून उरते.

या बाबतीत शेक्सपिअरचा पुरावा निर्णायक आहे, कारण त्याने काय वगळले हे आपल्याला पाहता येते. 'ऑथेल्लो'चे कथानक त्याने चिंथिओ या इटालियन लेखकाच्या १५६५ साली छापल्या गेलेल्या गोष्टीवरून घेतले. त्या गोष्टीत ध्वजधारी सैनिकाचा हेतू उघड आहे: तो सेनापतीच्या पत्नीवर प्रेम करतो, ती त्याच्याकडे लक्षही देत नाही, आणि त्या अपेक्षाभंगातून तिच्याविषयीचे त्याचे प्रेम द्वेषात पालटते. शेक्सपिअरच्या हाताशी असे तयार, पटण्याजोगे, कोणत्याही प्रश्नावलीत शोभणारे कारण होते आणि त्याने ते बाजूला सारले. त्याच्या नाटकातला ध्वजधारी इयागो बढती हुकल्याचे सांगतो, बायकोविषयीचा संशय सांगतो, पुन्हा दुसरेच काही सांगतो, आणि एकही कारण त्याच्या कृत्याच्या मापाचे ठरत नाही. हा माणूस आपल्या दुष्टपणासाठी कारणांचा शोध घेत फिरतो, हे कोलरिजचे निरीक्षण याच जागेवर बोट ठेवते. 'किंग लिअर'मध्येही हेच घडले आहे. १६०५ साली छापल्या गेलेल्या जुन्या नाटकात राजा मुलींच्या प्रेमाची परीक्षा घेतो त्यामागे धाकटीला लग्नाच्या पेचात पकडण्याचा एक डाव असतो. शेक्सपिअरने तो डावच काढून टाकला. स्टीफन ग्रीनब्लाट या अभ्यासकाने २००४ सालच्या आपल्या ग्रंथात हा वगळण्याचा प्रकार शेक्सपिअरच्या उत्तरकालीन नाट्यरचनेचे एक मुख्य सूत्र म्हणून मांडला आहे. नाटककाराला कारण ठाऊक नव्हते, असे येथे म्हणताच येत नाही. ते त्याच्यासमोर छापील होते.

उलट बाजूचे उदाहरण अलीकडच्या लोकप्रिय कादंबरीत मिळते. टॉमस हॅरिस या अमेरिकन लेखकाच्या हॅनिबल लेक्टर या नरभक्षक मनोविकारतज्ज्ञाने १९८१ आणि १९८८ सालच्या दोन कादंबऱ्यांत वाचकांना भारून टाकले ते मुख्यतः एका गोष्टीमुळे: आपल्याला असे कोणत्या घटनेने बनवले हा प्रश्नच तो उडवून लावतो आणि आपली गणना काही प्रभावांच्या बेरजेत करू पाहणाऱ्या तरुण अधिकारी स्त्रीची टर उडवतो. पुढे १९९९ आणि २००६ साली आलेल्या कादंबऱ्यांनी मात्र उत्तर देऊन टाकले. दुसऱ्या महायुद्धातला लिथुआनिया, उपासमार, आणि सैनिकांच्या टोळीने मारून खाल्लेली धाकटी बहीण. हे पूर्ववृत्त भीषण आहे, तपशीलवार आहे, आणि तरीही ते आल्यानंतर लेक्टर पूर्वीपेक्षा लहान झाला, कारण ज्याने स्पष्टीकरण नाकारले होते त्याच्यावरच ते लादले गेले. कथेत कोणी मागितले नव्हते. मागणी बाजारातून आली होती.

आता दुसरा पूर्वपक्ष. याचा आधारग्रंथ म्हणून अर्नेस्ट हेमिंग्वेच्या १९३२ सालच्या बैलझुंजीवरील पुस्तकातल्या हिमनगाच्या उपमेकडे बोट दाखवले जाते: हिमनगाचा एक अष्टमांश भागच पाण्यावर दिसतो आणि त्याच्या गतीतला रुबाब त्यामुळेच येतो. मराठीत जी. ए. कुलकर्णी यांच्या रूपकात्म कथांच्या प्रभावाखाली लिहिणाऱ्या काही कथाकारांनीही असेच धोरण उचललेले दिसते. पात्राला गाव नाही, घर नाही, कित्येकदा नावही नाही, आणि या नसण्यालाच गहनता समजले जाते. स्वतः जी. एं.च्या 'स्वामी' या कथेतल्या वाटसरूचे पूर्ववृत्त फार येत नाही हे खरे. पण तेथे तसे असण्याला अर्थ आहे, कारण त्याला कोंडून ठेवणाऱ्या मठाला त्याच्या भूतकाळाशी काही देणेघेणेच नाही, मठाला गादीवर बसवायला कोणीतरी माणूस हवा आहे, आणि आपण कोण होतो हे येथे कोणालाच नको आहे हा त्या बंदिवासाचाच एक भाग आहे. अनुकरण करणाऱ्यांनी न सांगणे तेवढे उचलले आणि ते ज्यामुळे भयंकर झाले ती परिस्थिती मागे सोडली.

हिमनगाची उपमा देणारे हेमिंग्वेच्या त्याच विवेचनातला पुढचा मुद्दा सहसा सांगत नाहीत. जो लेखक ठाऊक नाही म्हणून गाळतो त्याच्या लेखनात फक्त पोकळ जागा तयार होतात, असे त्याने तेथेच बजावले आहे. परंतु या पक्षाचे खंडन केवळ तेवढ्याने होत नाही, कारण सर्व काही ठाऊक असूनही झाकणारा लेखक असतोच. त्याच्याविषयीचा आक्षेप वेगळा आहे. ज्या पात्राच्या मनात आपण शिरलो आहोत, ज्याच्या डोळ्यांनी सारे पाहत आहोत, त्याने सतत ज्याचा विचार करायला हवा अशी गोष्ट केवळ शेवटच्या पानावर स्फोट व्हावा म्हणून वाचकापासून लपवणे, ही कलात्मक मितव्ययिता नसून हातचलाखी आहे. पात्र कोणापासून काही लपवत असेल तर ती त्याची कृती होते; पात्र लपवत नसताना लेखकाने लपवले तर ती लबाडी ठरते.

पूर्ववृत्त झाकल्यानेच उत्कंठा टिकते हा समज तर महाभारताने कधीच खोटा पाडला आहे. कर्णाचा जन्म वाचकाला आदिपर्वातच कळतो. त्यात रहस्य असे काही उरतच नाही, आणि तरीही भारतीय वाङ्मयात दुसऱ्या कोणत्याही पूर्ववृत्ताने इतका ताण निर्माण केलेला नाही, कारण प्रश्न वाचकाला काय ठाऊक आहे हा नसून कोणत्या पात्राला ते केव्हा आणि कोणाच्या तोंडून कळते हा आहे. उद्योगपर्वात शिष्टाई फसल्यानंतर कृष्ण कर्णाला रथात घेऊन त्याचे कुळ सांगतो, ते माहिती देण्यासाठी नव्हे. ज्येष्ठ पांडव म्हणून राज्य स्वीकार, असा तो सौदा आहे. कर्ण तो नाकारतो आणि वर कृष्णालाच गळ घालतो की हे युधिष्ठिराला कळू देऊ नकोस, कारण कळले तर तो राज्य घेणार नाही, ते मला देईल, आणि मला मिळालेले मी दुर्योधनाला देऊन टाकीन. किती उघड करायचे हा निर्णय येथे व्यासांनी पात्राच्याच हाती दिला आहे आणि त्या निर्णयातून कर्ण जितका दिसतो तितका तो कवचकुंडलांच्या वर्णनातून दिसत नाही. युद्धानंतर जलांजली देण्याच्या वेळी कुंती अखेर सत्य बोलते तेव्हा त्याची किंमत युधिष्ठिराच्या शोकात आणि आईने गुपित राखल्याबद्दल त्याने समस्त स्त्रीजातीला दिलेल्या शापात चुकवली जाते. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'पासून (१९६७) पुढे मराठीत कर्ण पुन्हा पुन्हा लिहिला गेला आणि प्रत्येक वाचकाला गोष्टीचा शेवट आधीच माहीत होता. त्याने काहीही बिघडले नाही.

बाबूराव बागुलांनी हीच जाण आधुनिक कथेत फार धारदारपणे वापरली. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेतला नायक रेल्वेच्या नोकरीच्या गावी आपली जात लपवून राहतो. रहस्याच्या मागे लागलेल्या लेखकाने ही गोष्ट शेवटापर्यंत राखून ठेवली असती आणि मारहाणीच्या प्रसंगी फोडली असती. बागुलांनी ती शीर्षकातच सांगून टाकली. त्यामुळे कथेतल्या प्रत्येक साध्या चौकशीला, प्रत्येक आदरातिथ्याला धार येते, कारण कोणत्या क्षणी हे उघडे पडेल याचे भय वाचक पात्राबरोबर भोगतो. ज्या समाजात माणसाला आडनाव विचारले जाते ते त्याचे पूर्ववृत्त मिळवण्यासाठीच, तेथे पात्राचा भूतकाळ अव्यक्त ठेवावा हा केवळ सौंदर्याचा सल्ला म्हणून देणे ही सुखवस्तू माणसाची चैन आहे, हेही जाता जाता नोंदवले पाहिजे.

याच मुद्द्यावर कमी सांगण्याच्या पक्षाचे विरोधक 'जेन एअर'चा दाखला देतात. शार्लट ब्राँटेच्या १८४७ सालच्या या कादंबरीत रॉचेस्टर या नायकाने माळ्यावर कोंडलेल्या बर्था या वेड्या पत्नीला स्वतःची हकीकत नाही, आणि डॉमिनिका बेटावर जन्मलेल्या जीन ऱ्हीस हिने १९६६ साली 'वाइड सारगॅसो सी' लिहून ती तिला दिली, म्हणजे अधिक उघड करणे हाच न्याय होय, असा हा युक्तिवाद आहे. तो अर्धाच खरा आहे. ब्राँटेने बर्थाचे पूर्ववृत्त दिलेलेच नाही असे नाही. जमैकातले लग्न, हुंड्याची रक्कम, रॉचेस्टरचे वडील आणि थोरला भाऊ यांचे संगनमत, बर्थाच्या आईचे वेड, हे सर्व तेथे बऱ्याच विस्ताराने आले आहे. मात्र ते सांगतो रॉचेस्टर, आणि तो ते सांगतो भर लग्नात पितळ उघडे पडल्यावर, जेनने आपल्याला सोडून जाऊ नये म्हणून. ऱ्हीसचे भांडण हकीकतीच्या लांबीशी नव्हते; ती कोणाच्या तोंडी घातली आहे याच्याशी होते. अधिक की उणे या वादात हे उदाहरण कोणत्याच बाजूला पुरते बसत नाही, आणि तेच त्याचे महत्त्व आहे.

तिसरा एक पक्ष थोडक्यात विचारात घेण्याजोगा आहे. पात्राला कृतीच्या बाहेर पूर्ववृत्त असूच शकत नाही, कारण पात्र हे शब्दांचे बनलेले असते, असे मानणारा हा पक्ष. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मेरी काउडन क्लार्क हिने शेक्सपिअरच्या नायिकांच्या बालपणाच्या कथा रचून छापल्या होत्या, आणि ए. सी. ब्रॅडली याने १९०४ सालच्या ग्रंथाच्या टिपणांत पित्याच्या मृत्यूच्या वेळी हॅम्लेट कोठे होता यासारखे प्रश्न गंभीरपणे सोडवले होते. या प्रवृत्तीची थट्टा म्हणून एल. सी. नाइट्स याने १९३३ साली लिहिलेल्या निबंधाला लेडी मॅकबेथला मुले किती होती, असे मुद्दाम बाष्कळ शीर्षक दिले. थट्टा रास्त होती. पण नाइट्सच्या अनुयायांनी त्यातून पूर्ववृत्त हा विषयच बाद करून टाकला, तो मात्र अविचार होता. लेडी मॅकबेथ आपण मूल अंगावर पाजले असल्याचे एकदाच बोलते, आणि ते बोलते खुनापासून माघार घेऊ पाहणाऱ्या नवऱ्याला डिवचण्यासाठी: तुझ्यासारखी शपथ घेतली असती तर त्या दूध पिणाऱ्या मुलाचे डोकेही फोडले असते, असे ती म्हणते. त्या मुलाचे पुढे काय झाले हे नाटक सांगत नाही, कारण मॅकबेथ ते विचारत नाही. त्याला जे लागायचे ते लागलेले असते. मुले मोजणारा ब्रॅडलीपंथी आणि मूल पुसून टाकणारा नाइट्सपंथी, दोघांच्याही हातून निसटलेली गोष्ट हीच आहे की भूतकाळ येथे शस्त्र म्हणून उपसला गेला आहे आणि तो वार करण्याइतकाच लांब आहे.

एवढ्या खंडनानंतर मंडनाची बाजू मांडायची तर ती परदेशी उदाहरणांवर उभी करण्याची गरज नाही, कारण संस्कृत नाट्यशास्त्राने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला होता. दहाव्या शतकातल्या धनंजयाच्या 'दशरूपका'त अर्थोपक्षेपकांची चर्चा आहे. रंगमंचावर प्रत्यक्ष दाखवणे नीरस किंवा अनुचित, पण प्रेक्षकाला कळणे आवश्यक, अशा कथाभागाची सूचना देण्याच्या पाच युक्त्यांना हे नाव आहे. त्यांतला विष्कंभक म्हणजे दुय्यम पात्रांच्या संवादातून झालेल्या आणि होणाऱ्या घटनांचे संक्षेपाने केलेले सूचन. शास्त्राने संक्षेप सांगितला, जागा सांगितली, पात्रांची पातळी सांगितली. पण मोठे नाटककार या सोयीवर थांबले नाहीत, हे कालिदासाने दाखवून दिले.

शकुंतलेच्या जन्माची कथा महाभारतात शकुंतला स्वतःच दुष्यंताला सांगते, आणि इंद्राच्या भीतीपासून मेनकेचे वस्त्र उडवणाऱ्या वाऱ्यापर्यंत सर्व तपशिलांसह, संकोच न करता, लांबलचक सांगते. 'अभिज्ञानशाकुंतला'च्या पहिल्या अंकात कालिदासाने तीच कथा घेतली, पण शकुंतलेच्या तोंडून काढून तिच्या सख्यांच्या हाती दिली. राजा आपली ओळख लपवून विचारतो की आजन्म ब्रह्मचारी असलेल्या कण्वांना मुलगी कशी. प्रश्न वरवर कुतूहलाचा. आत मात्र ही मुलगी क्षत्रियाने वरण्याजोगी आहे की नाही, ही त्याची तातडीची गरज. अनसूया विश्वामित्राच्या तपाची आणि देवांनी धाडलेल्या अप्सरेची हकीकत सांगू लागते, वसंत ऋतूपर्यंत येते, मेनकेच्या रूपाशी पोचते आणि लाजून वाक्य अर्ध्यावर सोडते. पुढचे कळले, असे म्हणून राजा तिची सुटका करतो. शकुंतला मान खाली घालून उभी असते. पूर्ववृत्त कोठे तोडावे याचा याहून नेमका नमुना सांगणे कठीण आहे. ते अर्ध्यावर तुटते ते कवीला गूढ राखायचे आहे म्हणून नव्हे. सांगणारी कुमारिका आहे, ऐकणारा परपुरुष आहे, जिची कथा आहे ती समोर उभी आहे, आणि ऐकणाऱ्याला हवे होते तेवढे मिळाले आहे, म्हणून. शिवाय हे कथन तेथेच संपत नाही. पाचव्या अंकात विस्मरणाचा शाप भोवलेला राजा तिला ओळखत नाही आणि दुसऱ्या पक्ष्यांकडून आपली पिले वाढवून घेणाऱ्या कोकिळेचे उदाहरण देऊन स्त्रियांच्या उपजत चतुराईवर ठपका ठेवतो, तेव्हा आईने टाकलेल्या आणि दुसऱ्याने वाढवलेल्या त्या मुलीला तो घाव कोठे बसत असेल हे प्रेक्षकाला उमगते, कारण पहिल्या अंकातले ते अर्धे वाक्य त्याच्यापाशी असते.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. नाटकात सगळेच कोणीतरी कोणाला तरी सांगते, त्यामुळे हा निकष नाटकाला लागू पडणारच. तृतीयपुरुषी कादंबरीत निवेदक सर्वज्ञ असतो, त्याला कोणी विचारत नाही आणि त्याने कोणाच्या परवानगीने सांगावे असेही नाही, तेथे काय? आक्षेपाला वजन आहे. पण सर्वज्ञ निवेदनाचा मेरुमणी मानल्या गेलेल्या बाल्झाककडे पाहिले तरी निकष टिकतो. १८३५ सालच्या 'पेर गोरिओ'त निवेदक खाणावळीच्या भिंतींचा कळकटपणा पानेच्या पाने सांगतो, पण गोरिओ या म्हाताऱ्या भाडेकरूचा इतिहास तो तेव्हा हातचा राखतो. तो इतिहास उघडतो तो रास्तिन्याक या महत्त्वाकांक्षी तरुणाच्या चुकीने: उच्चभ्रू स्त्रीच्या दिवाणखान्यात तो सहज गोरिओचे नाव घेतो आणि त्या घराचे दार त्याला कायमचे बंद होते, कारण ती स्त्री गोरिओची, म्हणजे एका शेवयांच्या व्यापाऱ्याची, मुलगी असते आणि तिला ते नको असते. मग दुसऱ्या घरी, दुसऱ्या सरदारणीच्या तोंडून, त्याला कारण कळते. निवेदक सर्वज्ञ असला तरी त्याने माहितीची वाट पात्रांच्या गरजेतून आणि नुकसानीतून काढली. जेथे निवेदक अशी वाट न काढता दुसऱ्याच पानावर नायकाचे गाव, शिक्षण आणि आईचे आजारपण सांगून मोकळा होतो, तेथे ती पाने वाचक चाळून पुढे जातो, आणि त्यात दोष वाचकाचा नसतो.

विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) या नाटकाने हा सारा प्रश्न नाटकाचा विषयच करून टाकला आहे, म्हणून त्याचा विचार सविस्तर केला पाहिजे. एका खेडेगावात प्रयोगासाठी आलेली हौशी मंडळी वेळ घालवण्यासाठी एक खोटा खटला रचतात, त्यात लीला बेणारे या शिक्षिकेला आरोपी करतात, आणि थट्टेथट्टेत तिचे खरे आयुष्य बाहेर ओढतात. लेखनशिक्षक पात्राला जी प्रश्नावली लावतात तीच येथे वकील सुखात्मे आणि न्यायाधीश काशीकर बेणारेला लावतात, फक्त येथे ती हिंसा आहे हे लपत नाही. पोंक्षे, रोकडे, कर्णिक एकेक करून साक्ष देतात. प्रत्येकाची साक्ष तिच्याविषयी काही सांगते आणि सांगणाऱ्याविषयी त्याहून जास्त सांगते, कारण तिने ज्याच्याजवळ गरजेपोटी शब्द टाकला होता तोच आता तो शब्द चारचौघांत मांडत असतो. सगळे समजले पाहिजे असा प्रेक्षकाचा जो सहज हट्ट असतो, त्याच हट्टाने हे न्यायालय चालते, आणि बेणारेविषयी उत्सुक असलेला प्रेक्षक या मंडळींच्या शेजारीच बसलेला असतो. उघडून सांगण्याच्या पक्षाला याहून कठोर उत्तर कोणी दिलेले नाही.

तरीही तेंडुलकर दुसऱ्या पक्षाला जाऊन मिळत नाहीत. बेणारे बोलते. वयाच्या कोवळ्या टप्प्यावर मामाने केलेली फसवणूक, पुढे प्राध्यापकावर टाकलेला विश्वास, आणि त्यातून राहिलेले मूल, हे तिच्या स्वगतात येते, पुष्कळ येते, आणि मितव्ययाच्या नियमाने मोजले तर ते भाषण अवाजवी लांब ठरेल. पण त्याची बसवणूक पाहण्याजोगी आहे. न्यायाधीश तिला बचावासाठी दहा सेकंद देतात. त्या दहा सेकंदांत इतर सर्व पात्रे जागच्या जागी गोठतात, ती बोलत राहते, आणि तिचे बोलणे संपल्यावर काशीकर घड्याळ पाहून वेळ संपल्याचे जाहीर करतात. न्यायालयाच्या दफ्तरी तिचे एक अक्षरही नोंदले जात नाही. ज्यांनी तिचे पूर्ववृत्त ओरबाडून मागितले त्यांना ते तिच्या तोंडून कधीच मिळत नाही, आणि ज्या प्रेक्षकाने ते मागायला तोंड उघडलेले नाही त्याला मिळते. किती सांगितले हे विचारणाऱ्याला या प्रसंगाचे मोजमाप करताच येणार नाही, कारण एकाच वेळी सर्व सांगितले गेले आहे आणि काहीही सांगितले गेलेले नाही. कोणाला, हे विचारले की मगच प्रसंग उलगडतो.

आणि या नाटकात जे सांगितलेले नाही तेही याच निकषाने ठरलेले आहे. ज्या प्राध्यापक दामल्यांपासून बेणारेला दिवस गेले आहेत ते या मंडळींपैकीच एक असून प्रयोगाला आलेले नाहीत. त्यांचे नाव निघते, त्यांच्या विद्वत्तेचा उल्लेख होतो. पण त्यांचे तारुण्य, त्यांचे आधीचे संबंध, त्यांनी हे का केले, यांतले काहीच नाटकात येत नाही. कारण येथे साक्षीदार आहेत, वकील आहे, न्यायाधीश आहे, चौकशीची हौस सर्वांना आहे, आणि दामल्यांविषयीचा एकही प्रश्न त्यांच्यापैकी कोणाला विचारावासा वाटत नाही.